न टाकलेली पत्रे

नामवंत गायकाने पन्नाशी उलटल्यावर नवे काही करू नये, अशी रसिकांची एक अलिखित अट असते. त्याने यावे, आम्हाला पाठ असलेली गाणी आम्हाला पाठ असलेल्या हरकतींसह म्हणावीत आणि आमचे तारुण्य तासाभरापुरते आम्हाला परत देऊन निघून जावे. ही अट जो मोडतो त्याला रसिक शिव्या देत नाहीत. नुसते ऐकत नाहीत. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

फ्रँक सिनात्रा या अमेरिकन गायकाने १९७० साली ही अट मोडली. तेव्हा तो चौपन्न वर्षांचा होता. त्या तबकडीचे नाव ‘वॉटरटाउन’. सिनात्राचे नाव ठाऊक असलेल्या दहांपैकी नऊ जणांनी ती ऐकलेली नसते.

आता ज्ञानेश्वरी आणि केशवसुत शिकवणाऱ्या मराठीच्या मास्तराला हा सिनात्रा भेटला कुठे, असे तुम्ही विचाराल. माझे मामेसासरे मालवाहू जहाजावर नोकरीला होते. बंदरोबंदरी लोक घड्याळे आणि अत्तरे घेत, हे गृहस्थ तबकड्या घेत. त्यांच्या पश्चात त्या तबकड्यांच्या दोन पेट्या आमच्या पुण्याच्या दोन खोल्यांत येऊन पडल्या. धूळ झाडण्याचे काम माझ्याकडे आले आणि धूळ झाडता झाडता मी ऐकू लागलो. आमच्या घरात तोवर नाट्यगीत आणि भावगीत यांपलीकडे सूर फिरकला नव्हता.

सिनात्राची कहाणी थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीतल्या होबोकन गावी, इटलीहून आलेल्या आईबापांच्या पोटी, १९१५ साली याचा जन्म. चाळिशीच्या दशकात याचे गाणे ऐकून पोरी किंचाळत आणि भोवळ येऊन पडत. मग पडता काळ आला, आणि त्यानंतर चित्रपटातल्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवून हा पठ्ठ्या पुन्हा उभा राहिला. १९५५ साली त्याने ‘इन द वी स्मॉल अवर्स’ ही तबकडी काढली. सगळी गाणी एकाच मनःस्थितीची, उत्तररात्रीच्या एकटेपणाची. पण तो एकटेपणासुद्धा ऐटीतला! तिरपी टोपी, सैल केलेला टाय, हातात पेला. दुःख झाले तरी कपड्याची इस्त्री मोडायची नाही. १९६९ साली आलेल्या ‘माय वे’ने तर या ऐटीवर कळस चढवला. आयुष्यभर मी माझ्या मनासारखे केले, असे ठणकावून सांगणारे ते गाणे निवृत्तीच्या समारंभांत अजून वाजते.

आणि त्यानंतर वर्षभरातच हे ‘वॉटरटाउन’!

‘फोर सीझन्स’ या गायकमंडळीतला बॉब गॉडिओ आणि त्याचा सहकारी जेक होम्स या दोघा तरुणांनी ही दहा गाणी खास सिनात्रासाठी रचली. दहा गाणी मिळून एक कथा होते, आणि कथा कसली, तर अमेरिकेतल्या एका लहान गावात राहणाऱ्या एका सामान्य नोकरदाराची बायको त्याला आणि दोन मुलांना सोडून शहराकडे निघून जाते, एवढीच. खून नाही, मारामारी नाही, दारूचा पेलासुद्धा नाही. निरोपाचा प्रसंग घडतो एका कॉफीच्या दुकानात, खाण्याच्या बशा समोर असताना. ती हळूच जाते म्हणते. गाणारा आपल्याला बजावून सांगतो की बाबांनो, वीज कडाडली नाही की ढग फुटले नाहीत. आमच्या जुन्या संगीत नाटकात या जागी निदान तीन पदे झाली असती.

त्यानंतरची गाणी म्हणजे या माणसाचे दिवस. एका गाण्यात तो सांगतो की दिवसातून काही क्षण मी तिला विसरतो, हसतो, आणि मग कुणीतरी आठवण करून देते. एका गाण्यात नुसते तिचे नाव आहे, एलिझाबेथ. काही गाणी मला कच्ची वाटली, हे लपवत नाही. तिच्या बालपणाच्या गमती सांगणारे गाणे गोडगोड आहे, आणि झाले ते झाले, ये परत, असे विनवणारे गाणे व्हायोलिनांच्या लोंढ्यात वाहून जाते.

पण ‘मायकेल अँड पीटर’ हे गाणे ऐकावे. ते गाणे म्हणजे पत्र आहे. मुलांची नावे मायकेल आणि पीटर. एक तुझ्यावर गेला आहे, एक माझ्यावर. तुझी आई जमेल तेव्हा पोरांना सांभाळते. आपण लावलेले गुलाब भिंतीवर चढले आहेत. गवत कापायला येणारा म्हातारा तू कुठे गेलीस म्हणून पुन्हा विचारत होता. कितीदा सांगितले, पण वय झाले बिचाऱ्याचे. बस्स. जे लिहायला हवे ते सोडून बाकी सगळे या पत्रात आहे. भाषा शिकवून माझ्या आयुष्याची वीस वर्षे गेली. न लिहिलेल्या वाक्याचे वजन विद्यार्थ्यांना समजावताना मला यापेक्षा सोपे उदाहरण सापडलेले नाही.

शेवटून दुसऱ्या गाण्यात तिचे पत्र आल्याचे कळते. इकडचे तिकडचे बरेच काही सांगून झाल्यावर ती म्हणते, मी घरी येते आहे. आणि शेवटच्या गाण्यात हा पावसात स्टेशनवर उभा. गाडी येते, माणसे उतरतात, गाडी निघून जाते. ती त्यात नसते. गाडीची वाट पाहता पाहता तो एक गोष्ट सहज बोलून गेलेला असतो. पत्रे मी पुष्कळ लिहिली, पण ती अजून माझ्या खणातच आहेत.

मी सुई उचलून तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली. म्हणजे गुलाबांचे ते पत्र तिला मिळालेच नव्हते! मग तिचे उत्तर कसे आले? ती खरोखरच येते म्हणाली होती, की हेही याच्याच मनाचे खेळ? गाणी सांगत नाहीत. कथाकाराने असे दार अर्धे उघडे ठेवावे आणि आपण वाचकांनी त्या फटीतून रात्रभर वारा खात बसावे, असला हा प्रकार आहे.

लोकांना तो मानवला नाही. सिनात्राच्या जुन्या चाहत्यांना त्यात त्याचा ठेका सापडला नाही. तरुण पोरे दुसऱ्याच संगीताच्या नादी लागलेली होती. आजोबांच्या गायकाची तबकडी कोण घेणार? ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या यादीत ती १०१ व्या क्रमांकाच्या वर सरकली नाही. पहिल्या खेपेला जेमतेम तीसएक हजार प्रती खपल्या, असे सांगतात. सिनात्राच्या हिशेबाने हे दिवाळेच. टीकाकारांत दोन तट पडले. कुणाला हे धाडस वाटले, तर कुणाला चालींत दम दिसला नाही. आवाज थकल्याची तक्रारही होती, आणि तीत तथ्य आहे. एरवी सिनात्रा वाद्यवृंदासमोर उभा राहून, त्याच्या श्वासाबरोबर श्वास घेऊन गात असे. इथे वाद्ये आधी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली आणि त्याने त्यांवर मागाहून आवाज चढवला. त्यामुळे काही जागी तो सुरांच्या मागे एकटाच चालत राहिल्यासारखा वाटतो. माझ्या मते या माणसाच्या तोंडी तेच शोभते. १९७१ च्या जूनमध्ये सिनात्राने चक्क निवृत्ती जाहीर केली. १९७३ मध्ये तो परतला, पण परतला तो टोपीवाला सिनात्रा. वॉटरटाउनचा तो गृहस्थ पुन्हा दिसला नाही. सिनात्रा १९९८ साली गेला. २०२२ मध्ये ही तबकडी नव्याने साफसूफ करून पुन्हा काढली गेली, आणि आता तिची गणना त्याच्या उत्तम कामांत करणारेही निघाले आहेत.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. प्रत्यक्ष आयुष्यात तीन मुलांना आणि पहिल्या बायकोला सोडून निघून जाणारा सिनात्रा स्वतःच होता. या तबकडीत तो मागे राहिलेल्याच्या जागी उभा राहिला. त्याच्या मनात काय होते, ते कोणी सांगावे? पण गळ्यात काहीतरी होते.

आमच्या घरातही या तबकडीबद्दल एकमत झाले नाही. माझ्या मुलीने दोन गाण्यांनंतर कानात स्वतःची गाणी घातली. बायकोने मात्र सगळी कथा ऐकली आणि म्हणाली, “दहा गाण्यांत हा एकदा तरी विचारतो का, की ती का गेली? गुलाब वाढले म्हणे! त्या बाईला कंटाळा आला असेल, दुसरं काय?” मी सिनात्राची बाजू मांडू लागलो आणि मध्येच थांबलो. मुद्दा बिनतोड होता.

मी एवढा का गुंतलो, तेही सांगून टाकतो. माझे बालपण कुर्डुवाडीला गेले. मी दहा वर्षांचा आणि धाकटा सहा वर्षांचा असताना आई मिरजेला मामाकडे जाऊन राहिली, ती दोन वर्षे. का, ते आम्हा मुलांना कुणी सांगितले नाही. आजी आमच्याकडे आली, वडील सकाळी कुकर लावून कचेरीत जाऊ लागले, आणि शेजारचे लोक आम्हाला एकाएकी फार प्रेमाने वागवू लागले. तेव्हा कुर्डुवाडीहून मिरजेला लहान रुळांची गाडी जाई. मे महिन्यात वडील आम्हाला त्या गाडीत बसवून देत, खिडकीतून पाण्याची बाटली देत आणि फलाटावरूनच परत फिरत. ते कधी बरोबर आले नाहीत. पुढे आई परत आली. त्यावर घरात कोणी बोलले नाही आणि वडील गेले तोवर बोललेच नाहीत.

आई आता आमच्याकडे असते. गेल्या दिवाळीच्या आधी ती चकलीची भाजणी चाळत बसली होती आणि मी तिला ही वॉटरटाउनची कथा सांगितली. तिला इंग्रजी येत नाही, पण कथा ती मन लावून ऐकते. शेवट ऐकून तिचा हात थांबला.

“मग पत्रं टाकली का नाहीत त्याने?”

“ते गाण्यात नाही सांगितलं.”

“तुझ्या बाबांची यायची. दर आठवड्याला एक.”

हे मला ठाऊक नव्हते. काय लिहायचे, म्हणून मी विचारले.

“तुमची परीक्षा. दुधाचा भाव वाढला. मागच्या दारची जाई फुलली. ‘ये’ एवढं एक मात्र कधी लिहिलं नाही. मी पाकीट फोडलं की आधी शेवटची ओळ बघायची.”

“मग आलीस कशी?”

“धाकट्याला गोवर आल्याचं कळवलं होतं. दुसऱ्या दिवशीची गाडी धरली.”

थोडा वेळ चाळणीचाच आवाज होत राहिला. मग ती म्हणाली, “लाव बघू ते पत्राचं गाणं.” मी लावले. तिने ते शेवटपर्यंत ऐकले.

“गळा थकलाय रे याचा,” ती म्हणाली, आणि भाजणीत मोहन घालण्यासाठी तेल गरम करायला उठली.