डावा डोळा, डावा खांदा

रायफल कोणत्या खांद्याला लावायची हे आधी डोळ्याला विचारावं, हाताला नंतर. नेमबाजी शिकवायला लागल्यापासून मी हे प्रत्येक नव्या पालकाला सांगत आले आहे. तरीही सुट्टीच्या शिबिरात एखादं तरी पोर असं येतंच, की ज्याला आधी कुणीतरी उजव्या खांद्याला रायफल लावायला शिकवलेलं असतं आणि ते मान वाकडी करून डाव्या डोळ्याने साइट गाठायची धडपड करत असतं. गाल दस्त्यावर धड टेकलेला नसतो, मान ताठरलेली असते आणि छर्रे कागदभर विखुरलेले असतात. "मॅडम, याचं लक्षच नसतं," असं घरचे सांगतात. त्या मुलाचं लक्ष पूर्ण असतं. त्याचा नेमाचा डोळा एका बाजूला आणि हत्यार दुसऱ्या बाजूला, एवढंच झालेलं असतं.

कोल्हापुरात नेमबाजी शिकायला येणाऱ्या मुलांना पुढची माणसं नावानिशी माहीत असतात. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं आणि १ ऑगस्ट २०२४ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं. त्यानंतर खेड्यापाड्यांतूनही पोरं यायला लागली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण दहा माणसांमागे साधारण एक डावखुरा असतो. म्हणजे वीस जणांच्या तुकडीत दोन तरी डावखुरी मुलं धरून चालावं लागतं, आणि क्लबच्या कपाटात मात्र सगळी हत्यारं उजव्या हाताची असतात.

त्यात डोळ्याचा हिशेब वेगळा आहे. आपल्या दोन डोळ्यांपैकी एक नेम धरण्यात पुढाकार घेतो. तो ओळखायची रीत सोपी आहे. दोन्ही हात समोर ताणून तळव्यांमध्ये छोटी त्रिकोणी खिडकी करायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ पाहायचं. मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ खिडकीत दिसत राहतं, तो प्रधान डोळा. लहान मुलांना डोळा मिटणं जमत नाही, तेव्हा मी त्यांना खिडकी हळूहळू चेहऱ्याकडे आणायला सांगते. ती आपोआप एका डोळ्यासमोर येऊन थांबते. उजव्या हाताच्या माणसांतही सुमारे एक तृतीयांश लोकांचा प्रधान डोळा डावा निघतो. त्यामुळे हा प्रश्न फक्त डावखुऱ्यांचा राहत नाही.

रायफलच्या बाबतीत डोळ्याला एवढं महत्त्व का, ते लक्ष्याचं माप पाहिलं की कळतं. १० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, तर छर्रा साडेचार मिलिमीटरचा. गुण दशांशात मोजले जातात आणि एका नेमाला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. गाल चीकपीसवर टेकलेला असतो आणि डोळा मागच्या साइटच्या बारीक छिद्रापाठी अगदी जवळ असतो. तिथे दुसऱ्या बाजूचा डोळा न्यायचा तर अख्खं डोकं कलंडतं. डोकं कलंडलं की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडते आणि उभ्या पोझिशनमध्ये अंग डुलायला लागतं. बोटाला शिकवता येतं. एअर रायफलचा ट्रिगर इतका हलका असतो की डाव्या तर्जनीला तो आठवड्या-दोन आठवड्यांत सवयीचा होतो. प्रधान डोळा मात्र सरावाने असा बदलत नाही.

म्हणून नवं मूल आलं आणि डोळा डावा निघाला, तर लिहिण्याचा हात उजवा असला तरी मी रायफल डाव्या खांद्याला देते. पालकांना हे पटायला वेळ लागतो. "अहो मॅडम, तो तर उजव्या हाताने लिहितो की!" हे मी नेहमी ऐकते. तीन-चार वर्षं उजव्या खांद्याने खेळलेल्या नेमबाजाचं मात्र वेगळं. त्याचं सगळं शरीर त्या बाजूला घडलेलं असतं. त्याला बदलायला लावण्यात मला शहाणपण वाटत नाही. त्याच्या डाव्या डोळ्यापुढे ब्लाइंडर, म्हणजे नजर अडवणारी पट्टी, लावायचा. ३० मिलिमीटर रुंदीपर्यंतचा ब्लाइंडर नियमात बसतो. झाकलेला डोळा उघडाच राहतो, म्हणून चेहरा ताणला जात नाही. एक डोळा घट्ट मिटून नेम धरणाऱ्यांचा दुसरा डोळाही थकतो, हे पाऊण तासाने दिसू लागतं.

पिस्तुलात हे गणित उलटतं. पिस्तूल हातभर अंतरावर असतं, त्यामुळे उजव्या हातात धरलेल्या पिस्तुलाच्या साइटवर डावा डोळा आणायला डोकं जरासं वळवलं आणि उभं राहण्याचा कोन थोडा बदलला की भागतं. इथे कसोटी हाताची असते. एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत वजनाचं असू शकतं, ते एकाच हाताने आधाराशिवाय धरायचं, ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा दाब द्यायचा आणि ७५ मिनिटांत ६० नेम पुरे करायचे. हे काम ज्या हाताला निसर्गाने बारीक कौशल्य दिलं आहे, त्यालाच द्यावं. रायफलीला डोळा आणि पिस्तुलाला हात, हा माझा ठाम नियम आहे.

आणि इथेच डावखुऱ्या मुलांची सगळ्यात मोठी अडचण उभी राहते. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ हाताच्या साच्यात कोरलेली असते. उजव्या मुठीत अंगठ्याचा आधार डाव्या बाजूला, तर तळव्यासाठीचा फुगवटा उजव्या बाजूला. ही मूठ डाव्या हातात दिली की अंगठ्याच्या आधाराचा उंचवटा तळव्यात रुततो, फुगवटा बोटांच्या आड येतो, तर्जनी ट्रिगरवर सरळ मागे ओढली न जाता तिरकी येते आणि पिस्तूल एका कुशीवर झुकतं. मूल तक्रार करत नाही, कारण पिस्तूल असंच धरायचं असतं अशी त्याची समजूत होते. तळहातावर लाल वळ दिसले की मी मूठ काढून घेते. अशा मुठीने केलेला सराव पुढे मोडावा लागतो. मोठ्या कंपन्या डाव्या हाताच्या मुठी बनवतात, लहान-मध्यम-मोठ्या मापांत बनवतात. पण त्या परदेशातून मागवाव्या लागतात आणि मधले महिने मुलाने काय करायचं? आम्ही एका सुतारकाकांकडून सागवानाची साधी मूठ कोरून घेतो. आधी जाडसर ठेवायची, मुलाने धरून दाखवायची, जिथे टोचतं तिथे पेन्सिलीने खूण करायची, रेतीच्या कागदाने घासायची. जिथे पोकळी राहते तिथे लाकडी लुगदी भरायची. मनगटाला आधार होणार नाही आणि मूठ हाताला वेढणार नाही, हे दोन नियम सांभाळले की अशी मूठ स्पर्धेतही चालते. काकांना नेमबाजीतलं काही माहीत नव्हतं, तरी पहिल्याच मुठीनंतर ते मुलाचा हात पाहून बरोबर विचारायला लागले, "करंगळी कुठे बसती बाळा?"

रायफलीच्या जॅकेटचंही तसंच. उजव्या नेमबाजाच्या जॅकेटला उजव्या खांद्यावर खरखरीत पट्टी असते, तिथे दस्ता बसतो. स्लिंग, म्हणजे दंडाला अडकवायचा रायफलीचा पट्टा, घसरू नये म्हणून हूक डाव्या बाहीवर असतो, जाड अस्तर डाव्या कोपराला असतं. क्लबचं जुनं जॅकेट डावखुऱ्या मुलीला घातलं तर दस्ता नुसत्या कॅनव्हासवरून सरकतो आणि प्रोनमध्ये स्लिंग दंडावरून खाली येते. हूक आणि पट्टी उलट बाजूला शिवून देणारा कारागीर आपल्या गावात सापडतो. आधी शोधायला हवा एवढंच.

रेंजवर उभं राहण्याचाही एक भाग आहे, जो पुस्तकांत फारसा येत नाही. उजव्या खांद्याचा रायफल नेमबाज डावी कूस लक्ष्याकडे करून उभा राहतो, म्हणजे त्याचं तोंड उजवीकडे. डाव्या खांद्याच्या नेमबाजाचं तोंड डावीकडे. त्यामुळे तो आणि त्याच्या डाव्या लेनमधला खेळाडू एकमेकांना सामोरे उभे राहतात. समोरच्याने रायफल खाली घेतली, घाम पुसला, मान हलवली, सगळं डोळ्यांच्या कडेला दिसत राहतं. लेन डावीकडून मोजतात, म्हणून सुरुवातीला मी अशा मुलांना एक नंबरची लेन देते. समोर फक्त भिंत येते. पण स्पर्धेत लेन आपल्या हातात नसते. राज्य स्पर्धेच्या आधीचे काही आठवडे त्यांना मुद्दाम मधल्या लेनवर आणावं लागतं.

५० मीटरला बोल्टचा, म्हणजे दर गोळीला ओढायच्या खिटीचा, प्रश्न येतो. बोल्ट उजवीकडे असला तर डाव्या हाताला मूठ सोडून, दस्त्यावरून पलीकडे जाऊन तो ओढावा लागतो. गाल उठतो, खांद्यातला दस्ता हलतो आणि प्रत्येक गोळीला पोझिशन नव्याने बांधावी लागते. ६० गोळ्यांच्या खेळात हा फरक कुठल्याही हौसेने भरून निघत नाही. डाव्या बोल्टच्या लक्ष्यवेधी रायफली जर्मनीत तयार होतात. ५० मीटरला जायचं ठरलं की पैसे त्यातच घालावेत. ट्रॅप आणि स्कीटच्या बंदुकींचा दस्ता उजव्यासाठी थोडा उजवीकडे वाकवलेला असतो, डावखुऱ्याला तो डावीकडे हवा. बाकी तिथे निभावतं.

सैन्यात आणि पोलिसांत मात्र हत्यार निवडायला मिळत नाही. लष्करी रायफली रिकामी काडतुसं उजवीकडे फेकतात, आणि रायफल डाव्या खांद्यावर लावली की काडतूस बाहेर पडण्याची खिडकी चेहऱ्याच्या बाजूला येते. अमेरिकेने एम १६ ए२ मध्ये काडतूस अडवून पुढे वळवणारा उंचवटा बसवला, तो डावखुऱ्या सैनिकांच्या सोयीसाठीच. ब्रिटिशांच्या एसए ८०मध्ये यंत्रणा दस्त्यातच असल्याने डाव्या खांद्यावरून ती चालवताच येत नाही. तिथे प्रत्येक सैनिक उजव्या खांद्यानेच शिकतो. ते सक्तीचं आहे आणि त्यामागचं कारण मला मान्य आहे. एनसीसीच्या पॉइंट टू टू रायफलबाबत मात्र अशी सक्ती करायचं कारण नाही. एकेक गोळी भरायची असते, घाई नसते. डाव्या डोळ्याच्या कॅडेटला झोपून डाव्या खांद्यानेच नेम धरू द्यावा, पुढे वाळूची पिशवी असेल तर डावा हात मुठीवरच ठेवून उजव्या हाताने बोल्ट चालवायला शिकवावं. नळी लक्ष्याकडे राहिली पाहिजे, ही अट सगळ्यांनाच सारखी. काही उस्ताद हे आपणहून करतात, त्यांच्या कॅडेटच्या गोळ्या एकमेकींजवळ लागतात.

हंगेरीच्या कारोय टाकाच यांचं उदाहरण मला फार वेळा ऐकवलं जातं. १९३८ साली सरावात हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा हात गेला. त्यांनी गुपचूप डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ला लंडनमध्ये व १९५२ला हेलसिंकीत रॅपिड फायर पिस्तुलाचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. या माणसापुढे मी नतमस्तक आहे. पण "त्यांनी हात बदलला, मग आमच्या पोराला काय झालं?" असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. टाकाच यांच्यापुढे दुसरा हातच उरला नव्हता, आणि ते तेव्हा घडलेले, प्रौढ नेमबाज होते; श्वास, संयम, ट्रिगरची समज सगळं त्यांच्याजवळ होतं. दहा वर्षांच्या मुलीचा चांगला हात बाजूला ठेवून तिला दुसऱ्या हाताने सुरुवात करायला लावणं म्हणजे विनाकारण तिच्यावर अपघात लादणं.

आपल्याकडे अजून एक अडचण घरातून येते. डाव्या हाताने जेवू नये, प्रसाद घेऊ नये, म्हणून लहानपणीच हात बदलवलेली मुलं मला भेटतात. फॉर्मवर "उजवा" लिहिलेलं असतं. मी आईला विचारते, चेंडू कुठल्या हाताने फेकायचा, कात्री कुठल्या हाताने धरायचा? आई थोडं थांबते आणि सांगते, "आधी डाव्यानेच करायचा. आजींनी सवय मोडली." अशा मुलाला पिस्तूल डाव्या हातात देऊन पाहावं. पुष्कळदा हात स्थिरावलेला तिथेच दिसतो.

क्लब चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: पुढची खरेदी करताना एक तरी डावी मूठ, एक उलटं शिवलेलं जॅकेट आणि दोन्ही बाजूंना बसणारा चीकपीस असलेली एक रायफल घ्या. काही नव्या एअर रायफलींत भरायची लिव्हरही बाजू बदलून लावता येते, ते विचारून घ्या. आणि पालकांनो, मुलाला रेंजवर पाठवण्याआधी घरीच तळव्यांची खिडकी करून त्याचा डोळा पाहा. पहिल्या दिवशी प्रशिक्षकाला तो सांगा. त्याला अर्धं मिनिट लागतं.