अण्णांची उसण

२००६ सालचा उन्हाळा. कांद्याची पोती ट्रॅक्टरवर चढवताना अण्णांच्या उजव्या कुशीत चमक भरली. श्वास आत घेतला की सुरी फिरल्यासारखं व्हायचं. खोकला आला की ते हातानं बरगडी दाबून धरायचे. चुलते म्हणाले, "हार्टचं तर नसंल?" पण काळीज डावीकडं, दुखणं उजवीकडं. आजीनं उसण ठरवली आणि बिब्बा घातला.

आठ-दहा दिवसांत दुखायचं थांबलं. आजी गावभर बिब्ब्याचं कौतुक सांगत फिरली. अण्णांना मात्र बांध चढताना धाप लागायची, संध्याकाळी कणकण यायची.

तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांना पाठमोरं बसवलं. पाठीवर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटानं वरून खाली ठोकत गेले. वर पोकळ आवाज, खाली बद्द. अण्णाच म्हणाले, "रॉकेलचा डबा किती भरलाय, हे आम्हीबी असंच बघतो."

"तुमचाही भरलाय," डॉक्टर म्हणाले.

एक्स-रेत उजवी बाजू खालून पांढरी होती. फुफ्फुसाला एक पातळ पडदा असतो आणि बरगड्यांना आतून दुसरा. ते सुजून एकमेकांवर घासले की श्वासागणिक कळ येते. मध्ये पाणी साठलं की घासणं थांबतं, कळही थांबते. म्हणजे आम्ही बरं वाटलं म्हणून खूश होतो, तेव्हा आजार वाढत होता.

सुई घालून पिवळसर पाणी काढलं. तपासणीत टीबी निघाला. थुंकीत जंतू नव्हते, पण आईला धीर आला नाही. ताईला स्थळं बघणं चाललं होतं. "छातीत पाणी झालं होतं, एवढंच सांगायचं," असं तिनं आम्हाला बजावलं.

आरोग्य केंद्रात अण्णांच्या नावाचा गोळ्यांचा खोका आला. सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने एक दिवसाआड सिस्टरसमोर गोळ्या घ्यायच्या. लघवी नारिंगी झाली तेव्हा आई रडली. तो गोळीचाच रंग होता. तिसऱ्या महिन्यात अण्णांना भूक लागायला लागली, वजन भरलं, आणि त्यांनी केंद्रात जाणं सोडलं. बिब्ब्याच्या वेळी फसलो होतो तसंच.

एका रविवारी ओसरीवर पाहुणे बसलेले असताना आरोग्य सेवक सायकलवरून दारात उतरले. हातात गोळ्यांचं पाकीट. आई चौकटीत थिजली. अण्णा उठले, पाहुण्यांसाठी ठेवलेला तांब्या उचलला आणि सगळ्यांसमोर एकेक गोळी गिळली.

कुणी काही विचारलं नाही. चहा तसाच निवला.

ते स्थळ गेलं. खोका अण्णांनी संपवला.