हंदसाई की तोआर? दोन वर्षांच्या शिक्षणाविषयी चार शब्द

समाजातील कोणताही समारंभ घ्या. बारमिट्स्वा असो, साखरपुडा असो वा नवसाचा मलिदा असो, ताट पुढे येण्यापूर्वीच आईबापांमध्ये एक प्रश्न हटकून निघतो : "मूल सैन्यातून सुटले, आता पुढे काय?" कोणी म्हणतो, विद्यापीठाचा तोआर घेतल्याविना या देशात किंमत नाही. कोणी म्हणतो, चार वर्षे पुस्तके उगाळून शेवटी पगार तेवढाच, त्यापेक्षा हातात विद्या असलेली बरी. वाद रंगतो, जेवण होते, आणि ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न असतो ते मूल एका कोपऱ्यात मुकाट्याने बसून राहते. आम्हां उभयतांचे आयुष्य शाळा आणि कारखाना यांच्यामध्ये गेल्यामुळे अशा वेळी आमच्याकडे सल्ला मागण्याची प्रथा नात्यागोत्यात पडली आहे. त्या अनुभवातून जे हाती आले ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करू. हंदसाई म्हणजे इंजिनियर नव्हे, आणि नुसता कारागीरही नव्हे. आमच्या पिढीने मुंबईत एल. एम. ई., एल. ई. ई. अशी अक्षरे नावापुढे लावणारी माणसे पाहिली आहेत. 1887 साली स्थापन झालेल्या व्ही. जे. टी. आय. सारख्या संस्थेतून डिप्लोमा घेऊन ती रेल्वेच्या कारखान्यात, गोदीत वा गिरणीत जबाबदारीच्या जागी बसत. 1880 साली रशियात जन्मलेल्या ओर्ट संस्थेने 1960 च्या दशकात मुंबईतही काम सुरू केले, आणि आपल्या समाजातील कित्येक मुलामुलींना धंदेशिक्षण दिले. नकाशा वाचणे, हिशेब मांडणे, यंत्र चालते ठेवणे आणि कामगार व इंजिनियर या दोघांची भाषा समजणे, ही जी मधली पायरी, तीच येथील हंदसाईची होय. त्याहून लहान अभ्यासक्रम तखनाईचा असतो.

या शिक्षणाला दोन वाटांनी जाता येते. एक वाट शाळेतूनच पुढे जाते. बारावीनंतर तेरावी व चौदावी अशी दोन वर्षे शिकून मुले सैन्यात आपल्या विषयाच्या कामावर जातात व करारानुसार काही जादा काळ सेवा करतात. दुसरी वाट सैन्यसेवेनंतरची. श्रम मंत्रालयाच्या 'महात' या संस्थेच्या देखरेखीखालील मिख्लालात दिवसा शिकल्यास अभ्यासक्रम सुमारे दोन वर्षांत पुरा होतो. संध्याकाळच्या वर्गात त्याहून अधिक काळ लागतो. बारा वर्षांचे शालेय शिक्षण व ठरावीक विषयांतील तयारी लागते, ती अपुरी असल्यास मेखिना करता येते. विद्यापीठाच्या दारात उभी असलेली प्सिखोमेत्री परीक्षा येथे सहसा आड येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या घरांत या दोन वर्षांच्या शिक्षणाविषयी जी अढी आहे, तिचे कारण केवळ पदवीचा मोह नव्हे. त्यामागे एक जुनी जखम आहे. पन्नास-साठच्या दशकांत आपली कुटुंबे दिमोना, बेर शेवा, लोद, अश्दोद अशा गावी वसली. 1955 साली वसविलेल्या दिमोनात आपले कितीतरी लोक कापड गिरण्यांत लागले. त्या गिरण्या पुढे बंद झाल्या. त्या काळी पूर्वेकडून आलेल्या कुटुंबांतील मुलांना, त्यांची बुद्धी न तपासताच, धंदेशिक्षणाच्या वर्गांकडे लोटण्याची रीत देशभर होती. पूर्ण बगरूत त्या वर्गांतील थोड्यांच्याच वाट्याला येई, आणि बगरूत नाही म्हणून विद्यापीठ नाही. ज्यांनी हे सोसले त्यांना 'हाताचे शिक्षण' हा शब्द आजही खुपतो.

आमचा एक पुतण्या त्यांपैकीच. 1980 च्या दशकात नववीत असताना गणितात बरे गुण असूनही त्याला लोहारकामाच्या वर्गात बसविण्यात आले. त्याचे वडील, म्हणजे आमचे बंधू, हिब्रू धड जाणत नव्हते. शाळेने कागद पुढे केला व त्यांनी सही केली. मुलगा सुस्वभावी, कष्टाळू. आज तो नेगेवमधील एका रासायनिक कारखान्यात पाळीवर काम करतो. त्याची मुलगी दोन वर्षांची लष्करी सेवा संपवून घरी आली आणि तिने जाहीर केले की तिला बांधकाम विषयात हंदसाई व्हायचे आहे. त्या रात्री पुतण्याचा फोन आला. "काका, तुम्ही आणि काकू शब्बाथ संपल्यावर या. तिला तुम्हीच समजवा."

आम्ही गेलो. चहा झाला. पुतण्या बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला विचारल्याशिवाय माझ्या हातात कानस दिली. माझ्या मुलीने तरी ती धरू नये एवढेच मी मागतो. विद्यापीठात जाऊ दे तिला. मी जादा पाळ्या करीन." त्याच्या पत्नीने डोळ्यांना पदर लावला. मुलगी शांतपणे म्हणाली, "पप्पा, तुम्हाला कोणी विचारले नाही, हाच अन्याय होता ना? मग मला विचारा. मी सांगते आहे." एवढ्यावर घरात स्तब्धता पसरली. दोघांचेही म्हणणे खरे होते. बापाचे भय अनुभवातून आलेले होते, आणि मुलीची निवड तिची स्वतःची होती. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी निकाल देऊ नये, तपशील पुढे मांडावा, असे आमचे मत आहे. म्हणून आम्ही कागद घेतला आणि चार प्रश्न लिहिले.

पहिला प्रश्न : प्रमाणपत्र देणार कोण? जाहिराती पुष्कळ येतात, आणि 'कोर्स' व 'हंदसाईची दिप्लोमा' यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. खरी दिप्लोमा सरकारची असते. त्यासाठी संस्थेच्या परीक्षांबरोबर सरकारी परीक्षा द्याव्या लागतात व शेवटी एक प्रकल्प स्वतः उभा करून परीक्षकांपुढे त्याचे समर्थन करावे लागते. वर्गात दोन वर्षे बसलेली पुष्कळ मुले नेमकी येथेच अडकतात. एखादी परीक्षा राहते, प्रकल्प लांबतो, नोकरी लागते, आणि दिप्लोमा कायमची दूर जाते. म्हणून मिख्लालात नाव घालताना फीची चौकशी करावी, त्याचबरोबर किती विद्यार्थी प्रत्यक्ष दिप्लोमा घेऊन बाहेर पडतात हेही विचारावे. संस्थेला हे विचारण्यात संकोच कसला? मुंबईत बाजारात मासळी घेताना आपल्या आज्या कल्ला उघडून पाहत. दोन वर्षांचे आयुष्य त्याहून स्वस्त नाही.

दुसरा प्रश्न : त्या दिप्लोमाने कोणते दार उघडते? येथे सर्व विषयांना एकच माप लावून चालत नाही. विजेच्या विषयाचा परवान्याशी थेट संबंध आहे. 1954 च्या वीज कायद्याखाली विजेचे काम करणाऱ्यांच्या परवान्यांच्या पायऱ्या आहेत, व त्यांत हंदसाईची स्वतंत्र पायरी आहे. ज्याच्या हाती परवाना त्याच्या हाती काम. बांधकामाचा हंदसाई मोजमापे, खर्चाचे अंदाज, नकाशे व प्रत्यक्ष कामावरील देखरेख करतो, आणि नोंदणी झाल्यावर ठरावीक मर्यादेतील साध्या इमारतींचे आराखडेही करू शकतो. यंत्र, वातानुकूलन, रसायन, इलेक्ट्रॉनिक्स या विषयांच्या मुलांना कारखान्यात यंत्रांची निगा, तपासणी व उत्पादन यांची कामे मिळतात. नेगेवच्या रासायनिक उद्योगांत आणि किर्यात गातच्या चिप कारखान्यात अशा माणसांचे हात लागतात. सॉफ्टवेअरविषयी मात्र सावध राहावे. तेथे मोठ्या कंपन्या पहिल्या चाळणीतच तोआर मागतात, आणि दिप्लोमावाल्याला आपले काम दाखवूनच आत शिरावे लागते. मूल त्या विद्येत खरेच रमले असेल तरच ती वाट धरावी. शेजाऱ्याच्या मुलाला मोटार मिळाली म्हणून धरू नये.

तिसरा प्रश्न : ही वाट पुढे जाते की भिंतीपाशी थांबते? पुतण्याचे सारे भय या प्रश्नात होते, आणि त्याच्या काळाशी आजचा खरा फरकही येथेच आहे. त्याच्या लोहारकामाच्या वर्गापुढे भिंत होती. हंदसाईपुढे जिना आहे, पण तो आपोआप चढता येत नाही. अनेक इंजिनियरिंग मिख्लाला हंदसाईला काही विषयांतून सूट देऊन पदवीच्या अभ्यासक्रमात घेतात. किती सूट मिळेल हे विषय, गुण आणि संस्था यांवर ठरते, आणि गणित व भौतिकशास्त्र पुनः नेटाने करावे लागते. 'पुढे सगळे मान्य होते हो' असे कोणी तोंडाने सांगितले तर ते लेखी मागावे. हंदसाई म्हणजे इंजिनियर नव्हे, हे नोकरीतही जाणवते. मोठ्या इमारतीच्या आराखड्याखाली त्याची सही चालत नाही, आणि सरकारी नोकरीत हंदसाई व तखनाई यांची वेतनश्रेणी इंजिनियरांहून वेगळी असते. दुसऱ्या बाजूस, 2012 च्या कायद्याने या व्यवसायाला स्वतःची नोंदवही व कायदेशीर ओळख दिली आहे. ही मर्यादा आणि हा मान, दोन्ही मुलांना आधीच सांगावे.

चौथा प्रश्न : पैसा आणि वेळ. सैन्यातून सुटलेल्या तरुणांच्या नावे 1994 च्या कायद्याप्रमाणे पिकादोन जमा असते, आणि ते शिक्षणाला वापरता येते. तेच पैसे लग्नाला, घराला वा छोट्या धंद्यालाही उपयोगी पडतात, म्हणून आपल्या घरांत त्यांच्यावर आधीच चार जणांचे डोळे असतात. आमचे म्हणणे असे की, ते मुलाच्या पायाखाली घालावेत, मांडवावर घालू नयेत. ज्या घरात एकाच्या पगारावर पाच माणसे जेवतात, तेथे दोन वर्षांत कमावते होणे ही लहान गोष्ट नव्हे. पण केवळ लवकर कमावण्यासाठी, विद्यापीठाची ओढ व कुवत असलेल्या मुलाला या वाटेवर ढकलणे हाही अन्यायच. तो आपल्या हातून झाला तर परक्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

हे चार प्रश्न घेऊन बापलेक दोघे मिळून एका मिख्लालाच्या खुल्या दिवसाला गेले. ही सूचना सौ.ची, आणि सर्वांत उपयोगी तीच ठरली. पुतण्याने तेथे प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे यंत्राखाली दाबून त्यांची ताकद मोजताना पाहिली. मुलांना, आणि मुलींनाही, आकडे मांडताना व आराखडे काढताना पाहिले. परत येताना तो मुलीला एवढेच म्हणाला, "यात गणित आहे." ती म्हणाली, "म्हणूनच तर." पुतण्याने हे आम्हांला फोनवर सांगितले तेव्हा त्याचा आवाज निराळा होता.

मुलगी आता दुसऱ्या वर्षात आहे. दिवसा वर्ग, आठवड्यातून दोन संध्याकाळी एका दुकानात नोकरी, आणि रात्री प्रकल्प, असा तिचा क्रम आहे. एका परीक्षेने तिला दमविले. ती पुनः देऊन तिने ती सोडविली. बापाने पदवीची आशा सोडलेली नाही. दिप्लोमा मिळताच पुढे जायचे, असे तो तिला अधूनमधून बजावतो. ती हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. "आधी एखादी भिंत माझ्या देखरेखीखाली उभी राहू दे," असे तिचे उत्तर असते. आम्हांला ते उत्तर पटते.

आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत. पुढच्या पिढ्यांनी सुतारकी, गवंडीकाम, रेल्वे, लष्कर, शाळा व इस्पितळे यांत नाव कमावले. हाताच्या कामाची लाज आपल्या समाजाला कधी नव्हती. आपल्याला सलत होती ती दुसऱ्याने ठरवून दिलेली जागा. म्हणून मूल हंदसाई होवो वा विद्यापीठात जावो, निवड त्याची असावी आणि चौकशी आपण सर्वांनी मिळून करावी. ज्या घरांतून हंदसाई झालेली मुले आहेत, त्यांनी आपापल्या गावच्या सभेत अर्धा तास उभे राहून आपला अनुभव सांगितला, तर नव्याने शोधणाऱ्या आईबापांना त्याचा जाहिरातींपेक्षा अधिक उपयोग होईल. उन्हाळा संपून नावे नोंदविण्याचे दिवस जवळ येतात तेव्हा हे काम आधी व्हावे, एवढीच विनंती.