टिपणी क्रमांक ७ मधला मैदा

जानेवारी २०२० मध्ये मी लिपिक म्हणून रुजू झाले. २९ फेब्रुवारीपासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागला. पावणेदहा ते सव्वासहा ही नवी वेळ अंगवळणी पडते न पडते तोच मार्चअखेरीस कोविडमुळे हजेरी ५ टक्क्यांवर आली, लोकल थांबली आणि मी डोंबिवलीच्या घरात, ओट्याशेजारी स्टूल ओढून 'कार्यालयात' बसले.

कार्यालयात नियम सोपा होता: सरकारी संगणकावर खासगी काही उघडायचं नाही. इथे लॅपटॉप भावाचा, रिचार्ज माझा, वीजबिल बाबांचं. सरकारी काय, तर फक्त नस्ती, म्हणजे फाइल. मग मी कामाच्या वेळात यूट्यूब लावलं, तर मी सरकारचा वेळ खातेय की सरकार माझा डेटा? कुणाला विचारणार? परिविक्षेत असलेल्या माणसानं असले प्रश्न विचारायचे नसतात.

पाहिलं मात्र भरपूर. आणि खरं सांगते, त्यापायी काम साचलं नाही. शाखेत चहा, गप्पा आणि 'जरा एवढी झेरॉक्स आण गं' यात जेवढा वेळ जायचा, तेवढाच आता मोबाइलवर जात होता. घोडं अडलं ते दुसरीकडेच. दिवसाचा दीड जीबी दुपारी तीनच्या सुमाराला संपायचा. मग व्हीपीएन तुटायचं, पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, आणि पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चाक. सरकारी कामातला विलंब रोखणाऱ्या २००५ च्या कायद्यानुसार नस्ती एका टेबलावर साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. कागदी नस्ती गठ्ठ्यात कुठे दबली, हे शोधावं लागतं. ई-ऑफिस या संगणकीय प्रणालीत ती किती वाजता आली आणि किती वाजता निघाली, हे सगळ्यांना दिसतं. माझ्या नस्त्या सकाळी येऊन दुसऱ्या सकाळी निघत होत्या. त्यामागे नानकटाईचे व्हिडिओ होते, हे तेवढं दिसत नव्हतं.

एके दिवशी तेही दिसलं.

ई-ऑफिसमध्ये कच्ची टिपणी पिवळी असते; तोवर हवी तशी खोडा, बदला. ती पक्की केली की हिरवी होते, आणि नस्ती पुढे गेली की मग बदलता येत नाही. टोनर खरेदीची नस्ती होती. मावशीला पाठवायला नानकटाईचं साहित्य कॉपी केलेलं, आणि डेटा संपायच्या आत नस्ती ढकलायची घाई. तिसऱ्या परिच्छेदात लेखाशीर्षाची ओळ पेस्ट करायची होती. ती राहिली. गेलं ते असं: 'मैदा २ वाट्या, पिठीसाखर १ वाटी, तूप १ वाटी.'

दुसऱ्या दिवशी टिपणी क्रमांक ८ आली: 'टिपणी क्र. ७, परिच्छेद ३ चा बोध होत नाही. खुलासा सादर करावा.' वाचून माझे हातपाय गार पडले. संध्याकाळी कक्ष अधिकारी मॅडमचा फोन आला. मी रडायच्या बेतात. त्या म्हणाल्या, "अगं, वेलची राहिली की त्यात!"

टिपणी क्रमांक ९ मध्ये मी 'अनवधानाने' हा शब्द तीनदा वापरला. टोनर मंजूर झाले. टिपणी क्रमांक ७ अजून हिरवीच आहे.