ही साल की शाल?

३ जून, पुणे
ऐकण्याच्या चाचणीचा पहिला दिवस. पंखा बंद, एसी बंद, कानावर हेडफोन. फोनवरून आलेली वाक्यं ऐकायची आणि गुण द्यायचे: उत्तमला ५, वाईटला १. सगळ्यांची सरासरी म्हणजे आमचा एमओएस. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या पी.८०० शिफारशीत ही रीत आहे. एक निवृत्त मास्तर चारच्या वर जाईनात. म्हणाले, “माझ्या हातून पैकीच्या पैकी कुणालाच मिळाले नाहीत.” सरासरीत तेही आलेच.

५ जून
इंग्रजी वाक्यांची भाषांतरं फेकून दिली. तशी मराठी कुणाच्या तोंडात नसते. नव्या यादीत मुद्दाम एक वाक्य घातलं: ‘ही साल फार जाड आहे.’ जुनी टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढंच पोचवते आणि ‘स’चा बराचसा सुसकारा त्याच्या वर असतो. चहाच्या वेळी विचारलं, तर तिघांनी ‘शाल’ ऐकली होती. तिघांचेही गुण ४! आवाज छान, शब्द भलताच. गुणपत्रिकेत याला रकानाच नाही.

८ जून
आता यंत्राची पाळी. २००१चं पेस्क, मग २०११चं पोल्का. मूळ ध्वनिफीत आणि फोनमधून आलेली फीत शेजारी ठेवून माणूस किती गुण देईल याचा अंदाज ही यंत्रं बांधतात. दमत नाहीत, चहा मागत नाहीत. आज ४.१ आले. साहेब खूश.
मी मात्र अडलोय. तुलना करण्याआधी यंत्र दोन्ही फिती सरकवून जुळवून घेतं. म्हणजे आवाज किती उशिरा पोचला, हे त्याच्या हिशोबात येतच नाही.

९ जून, रात्री
कराडच्या मामीला इंटरनेटवरून फोन. खरखर नाही, तुटणं नाही. पण ती बोलायला लागली की मी मध्येच, मग दोघंही गप्प, मग पुन्हा दोघं एकदम. एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर सहसा जाणवत नाही. हा नक्कीच त्याच्या कितीतरी पुढचा.
“काय रं, रागावलास व्हय? इचार करून बोलतोयस.”
“नाही गं मामी, आवाज कसा येतोय? पाचपैकी किती?”
शांतता. म्हणून मी म्हणालो, “ऐकू येतंय ना?” आणि त्याच्यावरच तिचं उत्तर आलं. आकडा काही कळला नाही.