पोटदुखी

आम्हां उभयतांना दोन अपत्ये: थोरली मुलगी, धाकटा मुलगा. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले की सारे घर तिच्याभोवती गोळा होई. मुलगा गप्प बसला की आम्ही म्हणत असू, शहाणा आहे, त्रास देत नाही. हे शहाणपण त्याला किती महाग पडत होते, हे कळायला आम्हांला पाच वर्षे लागली.

त्याचे आजोबा गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. वाडीतल्या केळींना पाणी लावायला त्याला आजोबांनीच शिकवले होते. रविवारी मिस्साला तो त्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसून जात असे. दफनविधीच्या वेळी त्याचे ओठ थरथरू लागले. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून हलकेच म्हणालो, "रडायचे नाही. तू मुलगा आहेस ना?" त्याने आवंढा गिळला. जमलेल्या आप्तांनी कौतुक केले आणि, खोटे कशाला बोला, आम्हांलाही अभिमान वाटला. लाझारसच्या कबरेपाशी प्रभू येशूने अश्रू ढाळल्याचे शुभवर्तमान आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या क्षणी ते आठवले नाही.

नववीत त्याच्या पोटात दुखू लागले. सोमवारी तर हटकून. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली; काही निघेना. अखेर डॉक्टरांनी आम्हांला बाहेर बसवले आणि त्याच्याशी अर्धा तास एकट्याने बोलले. मग आम्हांला म्हणाले, पोट ठीक आहे. गणितात दोनदा नापास झाल्याचे त्याने सांगितले नव्हते; प्रगतिपुस्तकावर आमची सही त्यानेच केली होती. शिवाय त्याच्या फुटलेल्या आवाजाची वर्गात रोज नक्कल होत असे. मुलांच्या मनातले दुःख पुष्कळदा पोटात नाहीतर डोक्यात दुखू लागते, ही गोष्ट आम्हांला त्या दिवशी प्रथम कळली.

दहावीचा निकाल लागला की 'मुलींची बाजी' हा मथळा ठरलेलाच. मार्च २०२४ च्या परीक्षेत राज्यात मुलींचा निकाल ९७.२१ टक्के लागला, मुलांचा ९४.५६. मुलींचे यश कष्टाचे आहे, त्याचा आनंदच आहे. पण मागे राहिलेल्या मुलाला आपण 'टवाळ' म्हणतो, शिकवणी लावतो आणि मोकळे होतो. दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. सरकारी नोंदीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी स्वतःचा जीव घेतला; त्यांपैकी १,२२,७२४ पुरुष होते. यांतल्या कितीजणांना लहानपणी कोणी रडू दिले असेल?

त्या वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही चौघे दफनभूमीत गेलो. आजोबांच्या कबरेवर मेणबत्त्या लावताना मुलाने एकाएकी विचारले, "मी रडलो नाही, म्हणून आजोबांना वाईट वाटले असेल का?"

तेव्हा त्याला प्रथमच सांगितले की, दफनाच्या रात्री त्याचा बाप विहिरीवर जाऊन पहाटेपर्यंत एकटाच रडत बसला होता.

तो बराच वेळ ज्योतीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा, मग मला का नाही उठवलंत?"

आम्हांला काही बोलता आले नाही. मेणबत्त्या विझेपर्यंत चौघेही तेथेच उभे होतो.