तुटण्याआधीचे जोडणे

वडील गेल्यानंतर त्यांचा जुना पेट्रोल ट्रक दोन पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये उभा होता. धाकट्या भावाने भंगारवाल्याशी बोलणी केली, तेव्हा 'एकदा सुरू करून पाहू, मग ठरवू' असे मी म्हणालो. वास्तविक त्या यंत्रातले मला काही कळत नव्हते. नवी बॅटरी घातली, सेल्फ मारला. इंजिन फिरले, पण पेटले नाही. प्लग काढून इंजिनाला टेकवला तर ठिणगीचा पत्ता नाही. मी कॉइल बदलली. फरक पडला नाही.

गावातले वृद्ध मिस्त्री आले.
"सर, कॉइल का बदलली?"
"गेली असेल असं वाटलं."
"वाटलं. बघितलं नाही."

मी ओशाळलो. वर्गात मुले कविता न वाचताच तिच्यावर मत देतात, तेव्हा मी हेच म्हणतो.

त्यांनी दोन वायरी लावलेला एक छोटा बल्ब काढला. एक टोक इंजिनाच्या लोखंडाला, दुसरे कॉइलच्या बॅटरीकडच्या बाजूला. बल्ब लागला. "इथवर करंट आहे." मग डिस्ट्रिब्यूटरकडची बाजू. मी सेल्फ मारला. बल्ब लुकलुकायला हवा होता. तो एकसारखा जळत राहिला. त्यांनी डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडले. आतले पॉइंट मिटत होते, उघडत होते; परंतु टोकांवर करडा थर साचला होता. "टेकतायत, पण करंट जात नाही." बारीक पॉलिश पेपरने त्यांनी तो थर काढला, फडक्याने पुसले, अर्ध्या मिलिमीटरची फट गेजने लावली. मग कॉइलची जाड वायर लोखंडापासून किंचित दूर धरली. चट् आवाज करत निळी ठिणगी पडली.

पॉइंट जोडले जातात तेव्हा ठिणगी पडते, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. पॉइंट मिटलेले असताना बारा व्होल्टचा प्रवाह कॉइलमध्ये चुंबकत्व उभे करतो. ते उघडताच ते कोसळते आणि हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. तोडणे झटक्यात व्हावे, म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. फॅराडेने १८३१ साली दाखवलेले तत्त्व ते हेच. ठिणगी तुटण्यातून येते हे खरे. पण जे कधी नीट जोडलेच गेले नाही, त्याच्या तुटण्यातून काय येणार?

भाऊ शेजारी कंदील धरून उभा होता. दोन वर्षे आम्ही सातबारा, वाटणी, पाण्याची पाळी यांविषयी नियमित बोलत होतो. आमच्यात काही तुटले आहे, असे मी परस्पर ठरवून टाकले होते. तेही 'वाटलं'च होते. बघितले नव्हते.

"दादा, सेल्फ मार," तो म्हणाला.

"तू मार. तू त्यांच्याशेजारी बसायचास."

पहिल्या खेपेस इंजिन खोकले, दुसऱ्या खेपेस लागले. तो ट्रक कालव्यापर्यंत नेऊन आला आणि बराच वेळ खाली उतरला नाही. भंगारवाल्याला काय सांगायचे, हे त्या रात्री कोणी विचारले नाही. जेवताना मात्र आम्ही प्रथमच वडिलांविषयी बोललो.